राजकारण आणि सामाजिक संस्थांतील इंटर्नशिप व पहिली नोकरी : इंदूरच्या विद्यार्थ्यांसाठी

शिप्राकाठ

परीक्षा संपत आल्या की ओळखीच्या मराठी घरांतून माझ्याकडे दरवर्षी साधारण एकच विचारणा येते. मुलगा किंवा मुलगी राज्यशास्त्र, समाजकार्य, अर्थशास्त्र किंवा पत्रकारिता शिकत आहे. तिला एखाद्या संस्थेत किंवा लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात इंटर्नशिप मिळेल का, आणि मिळालीच तर त्यातून पुढे नोकरी लागेल का? मी बरीच वर्षे देवास आणि इंदूर जिल्ह्यांतील खेड्यांत काम करणाऱ्या एका संस्थेत आहे आणि नव्या मुलांना कामाला लावण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि इतर जाणकारांनी त्यात भर घालावी, म्हणून हा धागा उघडत आहे.

आधी हा प्रश्न आताच एवढा का वाढला ते पाहू. मध्य प्रदेशात २०२१ पासून नवे शिक्षण धोरण पदवी अभ्यासक्रमाला लागू झाले. तेव्हापासून प्रकल्प, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप किंवा सामुदायिक काम यांपैकी काहीतरी करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला आहे. हेतू चांगला आहे. पण महाविद्यालयांकडे विद्यार्थी हजारोंनी असतात, आणि त्यांना खरोखर काम शिकवू शकतील अशा जागा मोजक्याच असतात. त्यामुळे शिक्का मारून प्रमाणपत्र देणाऱ्यांचे फावले आहे. विद्यार्थी आठ-दहा दिवस कुठेतरी जातो, छायाचित्रे काढतो, अहवाल कुणाचा तरी उतरवतो आणि त्याचे गुण पदरात पडतात. पुढे मुलाखतीत त्याला विचारले की तिथे तू नेमके काय केलेस, तर उत्तर देता येत नाही. मी अशा मुलाखती घेतो, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे. हुशार, मनापासून काम करू इच्छिणारी मुले त्या एका प्रश्नापाशी अडतात.

माझे म्हणणे असे आहे की पहिली इंटर्नशिप घराजवळ करावी, काम काय आहे ते आधी लेखी ठरवून करावी, आणि शेवटी आपल्या हाताने तयार केलेली एक तरी गोष्ट घेऊन बाहेर पडावे. दिल्लीच्या मोठ्या नावाचा मोह नंतर करता येतो.

घराजवळ म्हणजे कुठे, असे विचाराल तर इंदूर या बाबतीत गरीब नाही. इंदौर स्कूल ऑफ सोशल वर्क हे समाजकार्याचे जुने महाविद्यालय इथे आहे आणि त्याच्या विद्यार्थ्यांमुळे शहरातील बहुतेक संस्थांना क्षेत्रकार्य करणाऱ्या मुलांची सवय आहे. महू येथे डॉ. आंबेडकर सामाजिक विज्ञान विश्वविद्यालय आहे. खंडवा रोडवरील कस्तुरबाग्राम हे १९४५ साली स्थापन झालेल्या कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचे मुख्यालय आहे. देवास जिल्ह्यातील बागली तालुक्यात समाज प्रगती सहयोग ही संस्था १९९० पासून पाणलोट, शेती आणि बचतगटांचे काम करते आहे. शिक्षणाच्या क्षेत्रात काम करायचे असेल तर १९८२ साली सुरू झालेल्या एकलव्य या संस्थेचे केंद्र देवासला आहे. या सगळ्यांकडे हव्या त्या वेळी जागा असतेच असे नाही, तरी परीक्षेच्या दोन-अडीच महिने आधी पत्र लिहिले तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. बहुतेक मुले परीक्षा संपल्यावर पत्र लिहितात आणि तोपर्यंत उन्हाळ्याचे नियोजन झालेले असते.

एक इशारा आताच देतो. समाजमाध्यमांवर सध्या 'घरबसल्या इंटर्नशिप' अशा ज्या जाहिराती दिसतात, त्यांतील पुष्कळ ठिकाणी काम एकच असते, ते म्हणजे देणग्या गोळा करणे. विद्यार्थ्याला एक दुवा दिला जातो, ठराविक रकमेचे लक्ष्य दिले जाते आणि तो आपल्याच आत्या-मामांकडून पैसे मागत बसतो. लक्ष्य गाठले नाही तर प्रमाणपत्र अडवले जाते. निधी उभारणे हे संस्थेतील सन्मानाचे काम आहे आणि ते शिकण्यासारखेही आहे. पण ज्याला संस्थेचा ताळेबंद दाखवलेला नाही, ज्याने तिचे काम पाहिलेले नाही, त्याने तिच्यासाठी पैसे मागू नयेत. आणि इंटर्नशिपसाठी जी संस्था उलट विद्यार्थ्याकडूनच शुल्क मागते, तिच्या वाटेला जाऊच नये.

सुदामानगरी

खूप आभार. मी देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी संलग्न महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे दोन प्रश्न आहेत. मला समाजकार्यापेक्षा राजकारणात, म्हणजे निवडणूक लढवण्यात नव्हे, तर कायदे कसे होतात आणि प्रतिनिधी प्रत्यक्षात काय काम करतात यात अधिक रस आहे. त्यासाठी दिल्लीला जावेच लागते का? आणि दुसरे म्हणजे, बाबांचे म्हणणे आहे की एकदा एखाद्या पक्षाचा शिक्का बसला की सरकारी नोकरीची दारे बंद होतात. हे खरे आहे का?

वॉर्डातली

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते, कारण मी पदवीच्या शेवटच्या वर्षापासून इंदूरमधील एका पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, कार्यालयात काम करत आहे. पक्षाचे आणि प्रभागाचे नाव लिहीत नाही.

आपल्या महानगरपालिकेत ८५ प्रभाग आहेत, म्हणजे राजकारणाचे काम शिकण्याच्या ८५ जागा याच शहरात आहेत. तिथे जाहिरात निघत नाही. आपण होऊन जावे लागते. मी गेले तेव्हा मला विचारण्यात आले की तू काय करशील. माझ्याकडे उत्तर तयार होते, म्हणून मला ठेवून घेतले. मी म्हटले, आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींची नोंदवही मी ठेवते.

ती वही कशी असते ते सांगते, कारण सगळे शिक्षण तिच्यातच आहे. पहिल्या रकान्यात तारीख, मग नाव, गल्ली, तक्रारीचा विषय, कोणत्या विभागाकडे पाठवली, सीएम हेल्पलाइन १८१ वर, म्हणजे राज्य सरकारच्या तक्रारींच्या फोनसेवेवर, नोंदवली असल्यास तिचा क्रमांक, आणि शेवटी काय झाले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा असतो आणि बहुतेक कार्यालयांत तोच रिकामा असतो. हेल्पलाइनवरची तक्रार कधी कधी काम न होताच बंद केली जाते. त्याला सगळे 'फोर्स क्लोज' म्हणतात. मी दर शनिवारी बंद दाखवलेल्या तक्रारींच्या घरी फोन करून खरोखर काम झाले का ते विचारू लागले. महिन्याभरात एक गोष्ट दिसली की ड्रेनेज तुंबल्याच्या तक्रारी चार-पाच गल्ल्यांतूनच पुन्हा पुन्हा येत आहेत. ती यादी नकाशावर खुणा करून झोन कार्यालयात नेली, तेव्हा अभियंत्याने ती शांतपणे पाहिली आणि वाहिनी कुठे बदलावी लागेल ते समजावून सांगितले. त्याआधी त्याच लोकांच्या सुट्या तक्रारींना तसे उत्तर मिळाले नव्हते.

याखेरीज समग्र आयडीतील (राज्याच्या योजनांसाठी लागणाऱ्या ओळख क्रमांकातील) चुका, रेशनची पात्रता पर्ची, पेन्शन अडकणे, कलेक्टर कार्यालयातील मंगळवारच्या जनसुनवाईसाठी (लोकांच्या तक्रारींच्या सुनावणीसाठी) अर्ज लिहून देणे ही रोजची कामे असतात. मतदारयादीचे कामही शिकून घ्यावे. नवे नाव नोंदवण्यासाठी फॉर्म ६, वगळण्यासाठी ७ आणि दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी ८ लागतो. वयाची १८ वर्षे मोजण्यासाठी आता वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. हे ज्याला येते त्याला निवडणुकीच्या काळात कोणताही पक्ष आदराने बसवतो.

एक गोष्ट मुलींसाठी विशेष लिहिते. मध्य प्रदेशात नागरी संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पुष्कळ महिला पार्षदांचे काम त्यांचे पतीच पाहतात, हे आपण सर्व जाणतो. पण ज्या महिला स्वतः काम करू पाहतात त्यांना अधिनियम वाचून सांगणारी, परिषदेच्या बैठकीसाठी प्रश्न लिहून देणारी विश्वासू मुलगी हवी असते, आणि ती त्यांना सहज सापडत नाही.

सभागृह

वॉर्डातलीताईंनी जे लिहिले आहे तेच काम मी पुढे दिल्लीत केले, फक्त मंच मोठा होता. मी एका खासदारांकडे संसदेच्या कामकाजासाठी साहाय्यक होतो. आता सविस्तर माहिती देतो.

पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २०१० पासून 'लॅम्प' फेलोशिप चालवत आली आहे. एका खासदारासोबत एक फेलो, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत, अशी तिची रचना आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय २५ पर्यंत असावे लागते, आणि मानधन मिळते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात. त्यासाठी साधारणपणे १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. आपल्या खासदाराचा प्रश्न त्या यादीत यावा म्हणून तो नियमांत बसेल असा, नेमका, एकाच विषयाचा आणि आधी विचारला न गेलेला असा लिहावा लागतो. शून्य प्रहराची सूचना, विधेयकावरील भाषणाची टिपणे, स्थायी समितीच्या अहवालाचा सारांश, हे सगळे काम फेलो करतो. बाहेरून पाहणाऱ्याला भाषण दिसते. त्यामागे रात्री दोन वाजेपर्यंत चाललेले आकड्यांचे पडताळे असतात.

इंदूरच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. खासदारांना संशोधनाचे साहाय्य मिळावे म्हणून लोकसभेत 'स्पीकर्स रिसर्च इनिशिएटिव्ह' २०१५ साली सुरू झाले, ते सुमित्राताई महाजन अध्यक्ष असताना. आणि ताईंची स्वतःची सुरुवात कुठून झाली? १९८२ साली इंदूरच्या महानगरपालिकेतून. १९८४ मध्ये त्या उपमहापौर झाल्या, १९८९ मध्ये लोकसभेत गेल्या आणि सलग आठ वेळा निवडून आल्या. कोणाचा पक्ष कोणता हा भाग सोडून द्या. प्रभागातील काम माहीत असलेली व्यक्ती सभागृहात वेगळी बोलते, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले आहे.

नीती आयोगाचीही इंटर्नशिप आहे. दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान संकेतस्थळावर अर्ज घेतले जातात, कालावधी किमान सहा आठवडे आणि जास्तीत जास्त सहा महिने असतो. मात्र तिथे मानधन मिळत नाही आणि दिल्लीतील राहण्याचा खर्च स्वतःच करावा लागतो. ज्यांचे कोणी नातेवाईक दिल्लीत नाहीत, त्यांना हे परवडत नाही. सरकारने स्वतःच्या इंटर्नना किमान राहण्याखाण्याचा खर्च द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. नाहीतर धोरण ठरवण्याच्या खोलीत कायम त्याच त्या घरांतील मुले जात राहतील.

पक्षांना निवडणुकीत सल्ला देणाऱ्या कंपन्यांविषयीही लिहितो, कारण आजकाल मुलांना त्यांचे आकर्षण फार आहे. आय-पॅकसारख्या संस्था निवडणुकीच्या काही महिने आधी मोठ्या प्रमाणावर भरती करतात. पगार संस्थांपेक्षा बरा असतो, काम झपाट्याचे असते, बूथनिहाय आकडे हाताळणे आणि सर्वेक्षण करणे शिकायला मिळते. परंतु करार बहुधा निकालापर्यंतचा असतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करणार आहोत, हे ठरवून मगच तिकडे जावे.

रामबागेतले काका

सुदामानगरीच्या वडिलांच्या शंकेचे उत्तर मी देतो. मी राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. शासकीय सेवकाने राजकीय पक्षाचे सदस्य असू नये आणि राजकीय हालचालींत भाग घेऊ नये, हे बंधन मध्य प्रदेश सिव्हिल सेवा आचरण नियम १९६५ यामध्ये आहे. पण ते सेवेत असलेल्यांसाठी आहे. विद्यार्थी असताना एखाद्या आमदाराच्या कार्यालयात काम केले म्हणून स्पर्धा परीक्षा देता येत नाही, असे नाही. नेमणुकीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते, तिथे फौजदारी प्रकरणे पाहिली जातात. म्हणून आंदोलनाच्या उत्साहात कुठल्या गुन्ह्यात नाव येऊ देऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

मला खरी चिंता वेगळीच आहे. आपल्या समाजात मुलांनी बँकेत जावे, संगणकात जावे, पुण्याला जावे, एवढेच आपण सांगत आलो. गणेशोत्सवाची वर्गणी, नाट्यप्रयोगांचे आयोजन, पतपेढी, या सगळ्यांत आपली माणसे तरबेज आहेत, आणि तरीही सार्वजनिक जीवनाला कोणी व्यवसाय म्हणून पाहत नाही. ज्या शहराचा कारभार अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो तिथल्या मराठी तरुणांनी कारभार शिकू नये, हे मला पटत नाही.

वहीखाते

मी दोन संस्थांची लेखापाल आहे. पहिल्या नोकरीचा पगार एवढा कमी का असतो आणि नोकरी वर्षाच्या करारावर का असते, हे कोणी समजावून सांगत नाही, म्हणून लिहिते.

संस्थेचा पैसा बहुतांशी प्रकल्पासाठी येतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपन्यांचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ती आपल्या संस्थांपर्यंत येते, पण दरवर्षी नव्या मंजुरीने. परदेशी निधीचे नियम २०२० च्या दुरुस्तीनंतर आणखी कडक झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देण्यास मनाई झाली. मोठ्या संस्थांकडून निधी घेऊन खेड्यांत काम करणाऱ्या छोट्या संस्थांना त्याचा सर्वाधिक फटका बसला. मग पगारासाठी हाताशी पैसा उरतो तो एखाद्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातील 'फील्ड समन्वयक' किंवा 'एमआयएस (माहितीच्या नोंदी ठेवणारा) सहायक' अशा एका ओळीत, आणि प्रकल्प संपला की ती ओळही संपते.

म्हणून मुलाखतीत संकोच न करता विचारावे : माझे पद कोणत्या प्रकल्पातून आहे, तो कधी संपतो, मुदतवाढ मागितली आहे का, प्रवासखर्च वेगळा मिळतो की पगारातच धरला आहे. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का हेही विचारावे. सरळ कारभार असलेली संस्था या प्रश्नांची सरळ उत्तरे देते. जाण्यापूर्वी संस्थेची तपासणीही घरबसल्या करता येते. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण संकेतस्थळावर तिची नोंद आहे का ते पाहावे. सोसायटी असल्यास ती १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेली असते, आणि परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांची विवरणपत्रे २०२२ पर्यंत गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येत असत. मागील वार्षिक अहवाल मागितला आणि तो देण्यास टाळाटाळ झाली, तर पुढे जाऊ नये.

हे लिहिताना माझा एक सल्ला मुलांना : टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) आणि एक्सेल शिकून या. संस्थांना तळमळीचे कार्यकर्ते मिळतात. पावत्या नीट लावणारा, हजेरीपट आणि खर्चाचा मेळ घालणारा माणूस मिळत नाही. ज्याला दोन्ही जमते तो वर्षभरात प्रकल्पाचा कणा होतो.

पालक, वैशालीनगर

माझी मुलगी उन्हाळ्यात एका संस्थेबरोबर खरगोन भागातील खेड्यांत जाऊ इच्छिते. तिचा उत्साह मोडायचा नाही, पण सुरक्षिततेबद्दल कोणी स्पष्टपणे लिहील का?

वॉर्डातली

मावशी, आपण काळजी करणे स्वाभाविक आहे. संस्थेला तीन-चार गोष्टी आधीच विचारा, म्हणजे तिची कार्यपद्धती कळेल. मुक्काम कुठे असेल आणि तिथे संस्थेची दुसरी महिला कर्मचारी असेल का, संध्याकाळनंतर दुचाकीवरून परतावे लागते का, आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा. कायदाही माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी नोकरांपुरता नाही. प्रशिक्षणार्थी आणि मानधन न घेणाऱ्या स्वयंसेविकाही त्यात येतात. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान संस्थेसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. राजकीय कार्यालयांत अशी समिती क्वचितच आढळते, म्हणून तिथे अधिक सावध राहावे. रात्रीच्या बैठका, प्रचाराचे दौरे, 'साहेबांनी बोलावले आहे' असे ऐनवेळचे निरोप, यांना नकार देण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि त्या नकारामुळे काम गेले तर ते काम आपल्या उपयोगाचे नव्हते असे समजावे.

सुदामानगरी

सर्वांचे मनापासून आभार. आता एक नाजूक प्रश्न विचारते. घरची परिस्थिती बेताची आहे, त्यामुळे विनामूल्य काम मला फार दिवस करता येणार नाही. मानधन मिळते अशा जागा इंदूरमध्ये किंवा आसपास आहेत का? प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेबद्दलही खूप ऐकले आहे.

शिप्राकाठ

हा प्रश्न नाजूक नाही. तो सर्वांत आधी विचारायला हवा असा प्रश्न आहे.

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तीत २१ ते २४ वयाच्या तरुणांना देशातील मोठ्या ५०० कंपन्यांत बारा महिने काम, दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये अशी तरतूद ठेवण्यात आली. पण त्या नियमांनुसार ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती आणि तिच्या जागा कंपन्यांत आहेत. आपल्या विषयाशी तिचा संबंध थोडाच. राज्य सरकारने २०२३ मध्ये मुख्यमंत्री जनसेवा मित्र नेमले होते, प्रत्येक विकासखंडात (ब्लॉकमध्ये) १५ आणि सुरुवातीला दरमहा ८,००० रुपयांवर. योजना घरोघरी पोहोचवण्याचे ते काम उत्तम प्रशिक्षण होते, परंतु मुदतीनंतर ते कायमस्वरूपी झाले नाही, आणि त्यावर विसंबलेली अनेक मुले अधांतरी राहिली. म्हणून सरकारी योजनेतील अशा जागेला नोकरी न मानता एक मुदतीचे काम मानावे आणि पहिल्या महिन्यापासूनच पुढचा अर्ज तयार ठेवावा.

पदवीनंतरचे पर्याय अधिक भक्कम आहेत. एसबीआय यूथ फॉर इंडिया ही १३ महिन्यांची फेलोशिप आहे, खेड्यात राहून काम करावे लागते आणि निर्वाहभत्ता मिळतो. गांधी फेलोशिप सुमारे दोन वर्षांची आहे आणि तिचा भर सरकारी शाळा व जिल्हा प्रशासनाबरोबरच्या कामावर असतो. १९८३ साली सुरू झालेल्या प्रदान संस्थेची मध्य प्रदेशातील आदिवासी भागांत जुनी कामे आहेत. नव्या मुलांना तिथे आधी एक वर्ष शिकाऊ म्हणून घेतात, आणि मला विचाराल तर या क्षेत्रातील कठोर पण प्रामाणिक प्रशिक्षण तिथेच मिळते. भोपाळला २०२३ पासून अझीम प्रेमजी विश्वविद्यालयाचा परिसर सुरू झाला आहे आणि गरजू विद्यार्थ्यांना तिथे शुल्क व निवासासाठी साहाय्य मिळते.

आता आपल्या मराठी मुलांच्या खास उपयोगाची गोष्ट. महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात ती बंद होती, आता पुन्हा सुरू झाली आहे. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, एक वर्षाचा कामाचा अनुभव, आणि मराठी लिहिता, वाचता, बोलता येणे अशा तिच्या अटी आहेत. निवडलेल्या फेलोंना प्रशासनासोबत बसून काम करायला मिळते. माळव्यात वाढलेली आपली मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात, पण मराठी लिहिताना अडखळतात, कारण शाळेत ती शिकवली गेली नाही. आजीशी बोलता येते म्हणून शासकीय टिपणी लिहिता येईल असे नाही. ज्यांच्या मनात हा अर्ज आहे त्यांनी आतापासून रोज एक पान मराठीत लिहावे आणि मोठ्यांकडून ते तपासून घ्यावे. रामबागेतल्या काकांसारखी माणसे आनंदाने तपासून देतील, याची मला खात्री आहे.

तुझ्यासाठी, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीसाठी, मी असे सुचवेन. या उन्हाळ्यात एकच काम घे, सहा आठवड्यांचे, आणि ते तुझ्या भागातील पार्षदांच्या कार्यालयात किंवा शहरातील संस्थेत असू दे, म्हणजे राहण्याजेवण्याचा खर्च येणार नाही. प्रवासखर्च आणि दुपारचा चहा-नाश्ता मागायला लाजू नको. छोट्या संस्थाही तेवढे देऊ शकतात, आणि जी संस्था रोज आठ तास काम करून घेते पण सिटी बसचे भाडेसुद्धा देत नाही, तिला नम्रपणे नकार दे. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) असशील तर दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर गंभीरपणे कर. कार्यक्रम अधिकाऱ्यांची शिफारस संस्थांना पटते.

सुदामानगरी

एनएसएसमध्ये आहे. पत्र कसे लिहावे? आणि हिंदीत लिहू की इंग्रजीत?

शिप्राकाठ

आपल्याकडील संस्थांना आणि लोकप्रतिनिधींना हिंदीतच लिही; इंग्रजी पत्र आले की ते कुठल्या तरी संकेतस्थळावरून उतरवले असावे अशी शंका येते. एका पानापेक्षा मोठे नको. मी कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकते, आठवड्यातून किती दिवस, आणि मी आपल्यासाठी काय करू शकते, एवढे पुरे. 'मला समाजसेवेची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक पत्रात असते, त्यामुळे ते वाचले जात नाही. त्याऐवजी संस्थेचे एखादे काम तू खरोखर वाचले असल्यास त्याचा उल्लेख कर आणि त्यातील कोणत्या भागात हातभार लावशील ते लिही. उदाहरणार्थ, मी चाळीस घरांचे सर्वेक्षण करून त्याची एक्सेलमध्ये नोंद करू शकते, किंवा बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी टंकित करून देऊ शकते. असे वाक्य वाचले की आम्ही फोन करतो.

आठ दिवसांत उत्तर आले नाही तर प्रत्यक्ष कार्यालयात जा, सकाळी अकराच्या सुमारास. रुजू होताना कामाचे स्वरूप, कालावधी, कोणाच्या हाताखाली काम करायचे आणि प्रवासखर्च हे चार मुद्दे लिहून त्यांची सही घे. त्यांनी आपणहून पत्र दिले नाही तर तूच ईमेल करून 'आपल्याशी ठरल्याप्रमाणे' असे म्हणून ते मुद्दे पाठव. काम संपताना वरिष्ठांच्या परवानगीने तुझ्या कामाची एक प्रत जवळ ठेव, मात्र लोकांची नावे, फोन क्रमांक आणि आधारचे आकडे त्यातून काढून टाक. लोकांनी ती माहिती विश्वासाने दिलेली असते.

एक सूचना सर्वांसाठी. संस्थेत काम करत असताना पक्षाचा प्रचार करू नका. सार्वजनिक न्यासाचा पैसा पक्षासाठी वापरता येत नाही, आणि संस्थेच्या जीपवर एखाद्या उमेदवाराचा झेंडा दिसला तर वर्षानुवर्षांचे काम अडचणीत येते. ज्याला दोन्ही करायचे आहे त्याने आलटून पालटून करावे. मी दोन्हींचा मान राखणारी माणसे पाहिली आहेत.

सुदामानगरी

मी आज रात्री पत्राचा मसुदा लिहून इथेच देते. वॉर्डातलीताई, तक्रारींच्या नोंदवहीचे रकाने मी माझ्या पत्रात वापरले तर चालेल का?

वॉर्डातली

अवश्य वापर. रकान्यांत 'फोन करून खात्री केल्याची तारीख' हा एक वाढव. तो मी नंतर जोडला आणि त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. पार्षदांना भेटायला जाशील तेव्हा तुझ्या गल्लीतील पाच-सहा खऱ्या तक्रारी त्या नमुन्यात भरून घेऊन जा.